कोरियाचा मारू, सावईवेऱ्याचं कुळागर

प्रश्न : ताई, मी फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याचा. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. घर जुनं, राजांगणाचं. पुढे अंगण, मागे माडा-पोफळींचं कुळागर आणि वाहता व्हाळ. मुलगा जहाजावर इंजिनिअर. गेल्या वर्षी कोरियात उल्सानच्या गोदीत त्यांचं जहाज बांधून होईपर्यंत तो पाच महिने तिथे होता. तिथली जुनी घरं बघून आला आणि आता आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत पाहुण्यांसाठी तसंच घर बांधायचं म्हणतो. हानोक म्हणतात म्हणे त्याला. दोन खोल्या आणि एक बैठक, एवढंच हवंय. नातीने चित्र काढून ठेवलंय, चारी कोपरे वर वळलेल्या छपराचं. गावातला कंत्राटदार म्हणतो, ‘स्लॅब घालून कोपरे वळवून देतो, वरून कौलं चिकटवू.’ हे माझ्या मनाला पटत नाही, पण का पटत नाही ते मुलाला सांगता येत नाही. आपल्या पावसात असं घर टिकेल का?
— एक निवृत्त शिक्षक, सावईवेरे

उत्तर : मास्तर, मुलाची आवड चांगली आहे. कंत्राटदाराचं मात्र ऐकू नका.

वळलेली स्लॅब मी स्वतः एकदा घातली आहे. बारा वर्षं झाली, बार्देशातल्या एका घरावर. मालकांना बाक हवा होता, मीही नवीन होते, हो म्हटलं. कौलं सिमेंटात बसवली. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या जुलैत झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात ताटाएवढा ओला डाग उठला. पाणी कुठून शिरतंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण एक कौल उचलून बघावं तर शेजारची चार फुटत होती. साध्या कौलारू छपराचं मोठं सुख हे, की गळलं तर वर चढून कौल सरकवता येतं. ते सुख मी त्या घराकडून काढून घेतलं होतं. दिवाळीनंतर सगळं फोडून लाकडी वासे घातले, तेव्हा कुठे ते घर सुकलं.

हानोकच्या छपराचा बाक मुळात लाकडातून येतो. कोपऱ्यातले वासे लांब घेऊन किंचित उचलतात, त्यामुळे दोन्ही टोकांना धरलेली दोरी मधे सैल पडावी तशी वळचणीची रेघ दिसते. त्या बाकावर बसणारं कौल आपल्या जुन्या नळ्यांसारखं असतं: एक पन्हळीसारखं उताणं, त्याच्या सांध्यावर दुसरं पालथं. कोरियन लोक त्यांना मादी आणि नर म्हणतात. सुटी, अरुंद कौलं असल्यामुळे ती बाकाबरोबर वळतात. मंगळुरी कौल एकमेकांत खाचेने अडकतं, त्याला सपाट उतारच लागतो. बाकावर बसवलं की खाचा सुटतात आणि पहिल्याच वावटळीत पाणी आत. म्हणून नातीला सांगा, कोपरे वळवायचे तर जुने नळे शोधावे लागतील आणि ते बसवणारा माणूसही. नळे नाही मिळाले तर सरळ उताराचं मंगळुरी छप्पर घाला. हानोकचं हानोकपण छपराच्या कोपऱ्यात नाही.

ते कुठे आहे, ते मला जोंजू या कोरियातल्या शहरात कळलं. नोव्हेंबरात तिथल्या जुन्या वस्तीत एका पाहुणघरात तीन रात्री राहिले होते. पहाटे जाग आली तेव्हा पाठीखालची जमीन तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊबदार होती आणि नाकाचा शेंडा गार. ही ओंदोलची ऊब. पूर्वी स्वैपाकघरातल्या चुलीचा धूर आणि गरम हवा खोलीखालच्या दगडी वाटांमधून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडत. आता बहुतेक ठिकाणी जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. मी दार सरकवून बाहेर पाऊल टाकलं ते लाकडी जमिनीवर. बर्फासारखी गार! एक पाऊल उन्हाळ्यात, एक हिवाळ्यात. या लाकडी जमिनीला मारू म्हणतात. ओंदोल थंड उत्तरेचा, मारू उबदार दक्षिणेचा, आणि दोन्ही एकाच जोत्यावर शेजारी शेजारी. खोल्या लहान, बुटक्या, ऊब धरून ठेवणाऱ्या. मधला मोठा मारू, त्याला देचोंग म्हणतात, तो मात्र उंच, वर वासे उघडे, खालून हवा खेळती, पुढची बाजू अंगणाला मोकळी.

आता आपल्याकडे बघा. आपल्याला बाराही महिने मारूच हवा. ओंदोलचं आपल्याला काय काम? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: हानोकची थंडीची अर्धी बाजू सोडून द्या आणि उन्हाळ्याची अर्धी मोठी करून घ्या.

हानोक मोजतात ‘कान’ या मापाने. कान म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. तिथे ते साधारण आठ फूट असतं. तुम्ही दहा घ्या, कारण आपल्याला पंखा हवा, कपाट हवं, आणि पाहुणे दोन बॅगा घेऊन येतात. चार कान रुंद, म्हणजे ४० फूट. डावीकडचा एक कान खोली, उजवीकडचा एक खोली, मधले दोन कान मारू. खोली १० बाय १४, मारू २० बाय १४, आणि या सगळ्यांपुढून सहा फुटांची पडवी. मारू आणि पडवी यांच्या मधे भिंत नको, दार नको, म्हणजे बसायला २० बाय २० ची जागा मिळते. न्हाणीघर आणि संडास दोन्ही टोकांना, चिऱ्याच्या भिंतींचे, मुख्य छपराखालून निघालेल्या उतरत्या पाख्यात. ओलं काम लाकडापासून वेगळं राहिलं की घराचं आयुष्य वाढतं. मुलगा म्हणेल बैठकीला दारं हवीत, एसी हवा. एसी खोल्यांत लावा. मारूला नको.

मारूची जमीन कशी बांधतात ते मी जोंजूला गुडघ्यावर बसून बघितलं, आणि तेच मला सर्वांत जास्त आवडलं. तुळयांच्या मधे आडवे दांडे घालतात, त्यांना आतल्या अंगाने खाच. त्या खाचेत हात-दीड हात लांबीच्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या. खिळा एकही नाही. लाकूड सुकून फटी पडल्या की फळ्या ठोकून एका बाजूला घ्यायच्या आणि शेवटी उरलेल्या जागेत एक नवी पट्टी सारायची. आपल्याकडे मार्चमधे लाकूड आकसतं आणि जुलैत फुगून दारं बंद होईनाशी होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. खिळ्यांनी जखडलेली फळी अशा हवेत चिरते नाहीतर कमान करते. खाचेतली फळी श्वास घेते. फणस आणि किंदळ ही लाकडं चालतील. तुमच्याच कुळागरात जुना फणस असेल तर आता कापून निदान वर्षभर सावलीत रचून ठेवा. ओलं लाकूड वापरलंत तर पुढच्या उन्हाळ्यात पट्ट्या सारता सारता दमाल.

खांब जमिनीत पुरू नका. हानोकचा खांब दगडावर नुसता उभा असतो, आणि पुष्कळदा तो दगड घडवलेलाही नसतो, नदीतून आणला तसा ओबडधोबड. मग खांब त्यावर बसतो कसा? खांब ओळंब्याने सरळ धरतात आणि दोन पायांचं कंपाससारखं साधन फिरवतात. त्याचा एक पाय दगडाच्या उंचसखल पाठीवरून चालतो, दुसरा खांबावर तीच रेघ उमटवतो. त्या रेघेवर खांबाचं बूड तासतात. दगडाला हात लावत नाहीत, लाकूड दगडासारखं होतं. याला ग्रेंगी म्हणतात. गेल्या वर्षी केप्याच्या एका कामावर आमच्या सुताराने एक खांब असा करून बघितला. शाळेतल्या मुलाचा कंपास, त्याला बांधलेली पेन्सिल. चार वेळा उचलून तासावा लागला. पाचव्या वेळी त्याने खांबाला खांदा लावून ढकललं, खांब हलला नाही, तेव्हा हात पुसत म्हणाला, ‘बाय, आतां खांबो बसलो.’ मला सगळे खांब तसे करून घ्यायची इच्छा होती, पण मजुरी परवडण्यासारखी नव्हती. तुम्ही पडवीच्या दर्शनी दोन खांबांना तरी करा. दगड मात्र काळा घ्या. चिरा पाणी शोषतो आणि ते खांबाच्या बुडाला पाजतो. मग वाळवीला आमंत्रण द्यावं लागत नाही.

आता पाऊस. तुमचा खरा प्रश्न तोच. सोलला वर्षभरात साधारण १४०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे त्याच्या दुप्पट, ३००० च्या आसपास. तिथल्या वळचणीचं मोठं काम उन्हाचं आहे. सोलला जूनच्या शेवटी भर दुपारचा सूर्य ७६ अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम २९ अंशांवर. चार फूट पुढे आलेली वळचण उन्हाळ्याचं ऊन अडवते आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत येऊ देते. गोव्यात डिसेंबरातही दुपारचा सूर्य ५१ अंशांवर असतो. मे उजाडला की तो डोक्यावरून उत्तरेला कलतो आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमारापर्यंत तिकडेच असतो. तेव्हा दक्षिणेची वळचण मोजून हिवाळ्याचं ऊन आत घ्यायचा हिशेब आपल्याला लागू नाही. आपल्या वळचणीने पावसाची झड अडवायची आहे. नैर्ऋत्येकडून झड येते, त्या अंगाला सहा फूट वळचण घ्या, बाकी बाजूंना साडेचार. पडवीला वर बांबू अडकवायची सोय ठेवा. जूनमधे माडाची विणलेली चुडतं बांधायची ही आपली रीत कोरियात नाही, पण तुमच्या घराला ती लागणारच.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जशीच्या तशी घ्या. हानोकचं जोतं वळचणीपेक्षा आत असतं. पागोळ्या जोत्यावर न पडता त्याच्या पलीकडे जमिनीवर पडतात, म्हणून शिंतोडे खांबापर्यंत पोचत नाहीत. पुष्कळ नव्या बंगल्यांत मी उलटं बघते, वळचण दोन फूट आणि ओटा पाच फूट. मग दर गणपतीला ओट्याच्या कडेचं शेवाळ खरवडत बसायचं. तुमचं जोतं दोन-अडीच फूट उंच ठेवा, वळचणीच्या निदान फूटभर आत, आणि पागोळ्यांखाली गोट्यांची चर काढून ती व्हाळाला जोडा.

घर कुठल्या तोंडाने बांधायचं? तुमच्या पत्रावरून समोर अंगण, मागे कुळागर आणि व्हाळ. याहून चांगली जागा मी सुचवली नसती. कोरियन घराचं अंगण, त्याला मादांग म्हणतात, मुद्दाम रिकामं असतं. हिरवळ नाही, कारंजं नाही, पांढरट वाळूमिश्रित माती. मधोमध झाड लावत नाहीत, कारण चौकटीत झाड काढलं की ‘अडचण’ या अर्थाचं चिनी अक्षर होतं, असं तिथले जुने लोक सांगतात. पण हवेचंही काम आहे त्यात. रिकामं अंगण तापतं, वरची हवा उठते, आणि मागच्या झाडीतली गार हवा मारूमधून पुढे ओढली जाते. तुमच्या माडा-पोफळींखालची, व्हाळावरून येणारी हवा मिळाली तर एप्रिलच्या दुपारी पाहुणा खोलीत जायचा नाही. म्हणून मारूची मागची बाजू बंद करू नका. तिथे उचलायची दारं लावा: बिजागरी वरच्या चौकटीला, दार आडवं उचलून वाशाला लोंबणाऱ्या आकड्यात अडकवायचं. हानोकमधे असतातच ही. सगळी उचलली की मागची भिंत नाहीशी होते आणि पोफळी घरात येतात. आतून डासांच्या जाळीचा सरकता पडदा हवा, कुळागर म्हटलं की डास आलेच. आणि तुमचं जुनं अंगण आहे तसं सारवत राहा, त्यावर पेव्हर घालायचा आग्रह कोणी केला तर ऐकू नका.

मुलगा विचारेल की काच, लोखंड, वीज आली की ते हानोक कसलं. त्याला सोलच्या बुकचोन या हानोकांच्या वस्तीची गोष्ट सांगा. पर्यटक जी घरं ‘प्राचीन’ म्हणून बघतात त्यांतली पुष्कळशी १९३० च्या दशकातली आहेत. जोंग से-ग्वोन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने मोठ्या वाड्यांच्या जागांचे लहान तुकडे पाडून शहरातल्या साध्या कुटुंबांसाठी ती बांधली, आणि तशा घरांत तेव्हाच काचेची दारं आणि पत्र्याच्या पन्हळी आल्या होत्या. काळाप्रमाणे बदलूनच ते घर जगलं आहे.

आणखी एक, मास्तर. कोरियात खानदानी घराचे दोन भाग असत, आतला बायकांचा आन्छे आणि बाहेरचा सारांगछे, जिथे यजमान बसे, वाची, आणि आल्यागेल्याला ठेवून घेई. म्हणजे पाहुण्याचं घर हे यजमानाचंही घर होतं. तुम्ही जे बांधताय ते सारांगछे आहे. त्यात तुमची पुस्तकं ठेवा, संध्याकाळी तिथे जाऊन बसा. किल्ली हातात देऊन परत जायचं घर नका करू.

कागदपत्रांचं थोडक्यात: जागा बागायतीत येते की वसाहतीच्या क्षेत्रात ते आधी नगरनियोजन खात्यात बघून घ्या; जमीन-रूपांतराची सनद आणि पंचायतीचा परवाना झाल्याशिवाय जोत्याचा चिरा लावू नका; आणि पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंद करावी लागेल.

प्रश्न : कुडतरीला आमचं होमस्टे आहे. नव्या खोलीला कोरियन पद्धतीची कागदी दारं लावायची आहेत. ऑनलाइन कागद मिळतो. लावू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : त्या दारांतून येणारा उजेड मला फार आवडतो, म्हणून ‘नको’ लिहिताना हात अडतो. हान्जी हा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, धागे लांब, चांगला चिवट. कोरियात तो जाळीच्या आतल्या बाजूने चिकटवतात, म्हणून बाहेरून लाकडाची नक्षी दिसते आणि आतून सपाट दुधी उजेड. पण आपल्याकडे जूनमधे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे खळीने चिकटवलेल्या कागदाचं काय होणार? मी एका खोलीत हौसेने लावला होता. ऑगस्टपर्यंत त्यावर करडे ठिपके आले आणि खळीच्या वासाने झुरळं.

आपल्याकडे याला जुनं उत्तर आहे, शिंपल्यांची तावदानं. पातळ, चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. उजेड तसाच दुधी, पाण्याची भीती नाही. पर्वरीजवळ तोर्ड्याच्या ‘हाऊसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात जुन्या गोमंतकीय घरांचे भाग नीट बघायला मिळतात, एकदा जाऊन या. मात्र नवे शिंपले कोणाकडून मागवू नका, तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या मिळाल्या तर त्या दुरुस्त करून लावा. नाही मिळाल्या तर जाळीची लाकडी चौकट कोरियन पद्धतीची करा आणि आतून घासलेली दुधी काच बसवा. कागद हवाच असेल तर एसीच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, बाहेरच्या हवेपासून दूर.

प्रश्न : जमिनीवर बसायची कोरियन बैठक छान दिसते, पण माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि येणारे पाहुणेही साठीचे असतात. काय करावं?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बैठक जमिनीवरच ठेवा, जमीन उचला. मारूची कड अंगणापासून किंवा खालच्या पायरीपासून १७ ते १८ इंच उंच घेतली की कडेला बसून पाय खाली सोडता येतात, आपल्या सोप्यावर बसतो तसे. ज्यांना मांडी घालता येते ते आत सरकतात, ज्यांना येत नाही ते कडेवर बसतात, आणि बोलणं एकाच उंचीवर होतं. कडेची फळी दीड इंच जाड घ्या आणि तिची धार गोल करून घ्या, नाहीतर मांडीखाली रुतते. सासूबाईंना उठताना धरायला कडेजवळ खांब येईल असं बघा; हात टेकतो तिथे तो खांब दोन-तीन वर्षांत तेल लावल्यासारखा गुळगुळीत होईल.